शेट्टम्माचं दुकान आणि शाळेची गाडी

मुलींच्या शाळेची गाडी रोज आमच्या गल्लीच्या तोंडाशी थांबायची. बैलगाडीच ती, पण वर छत आणि चारी बाजूंनी पडदे. माझी अक्का वेणीत फूल माळून तीत चढायची आणि पडद्याच्या फटीतून मला जीभ काढून दाखवायची. मी दारात उभी. अप्पांचं म्हणणं, एकीला पाठवली तेवढं पुरे, धाकटी घरीच शिकेल. एका घरातल्या दोन मुलींना दोन भाव! मला हे तेव्हा पटलं नाही, आजही पटत नाही.

अप्पा म्हैसूरच्या राजवाड्याच्या पागेत नोकरीला. घर लष्कर मोहल्ल्यात. अप्पांची विधवा बहीण, आमची आत्या, हीच माझी शाळा, आणि ती शाळा कधी एका जागी बसली नाही. रागी, म्हणजे नाचणी, निवडता निवडता पावकी-निमकी, अंगणात राख पसरून तिच्यावर बोटाने मोडीची वळणं. कानडी वाचायला मी अक्काच्याच जुन्या पुस्तकांवर शिकले. दारात भाजीवाली आली की परीक्षा. भाव मी करायचा, तोही कानडीत. आत्या चौकटीला टेकून गप्प. मी फसले तरी भाजीवालीसमोर चकार शब्द काढायची नाही. ती गेल्यावर म्हणायची, "दोडकी जून आहेत. आता तूच खा." खावी लागत. म्हणून मी लवकर शिकले.

दसऱ्यात म्हैसुरात घरोघर पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात. सगळ्यांत वर राजाराणी, सगळ्यांत खाली शेट्टी आणि शेट्टम्मा, हे मातीचं जाडजूड वाणी जोडपं. त्यांच्यापुढे खऱ्या धान्याच्या ढिगुल्या. हे दुकान मांडायचा मान माझा. त्या वर्षी अक्काच्या शाळेतल्या बाई बाहुल्या बघायला येणार असं कळलं, तेव्हा मी अप्पांना दारातच गाठलं.

"अप्पा, बाईंनी मला शाळेत घ्यायचं म्हटलं तर गाडीत बसवाल?"

"त्या कशाला म्हणतील?"

"म्हटलं तर?"

"बाई म्हणतील तसं. झालं?"

"देवासमोर म्हणा."

"अय्यो, हिच्यापेक्षा घोड्यांचे दलाल बरे!" अप्पा कुरकुरले, पण देवासमोर म्हणाले.

बाई आल्या. हळदीकुंकू झालं. मी दुकानामागे मांडी ठोकून तयार.

"काय शेट्टम्मा, तूर आहे का चांगली?" बाईंनी गमतीने कानडीत विचारलं.

"अम्मा, यापेक्षा चांगली तूर फक्त राजवाड्यात. ती तुम्हाला मिळायची नाही."

बाई हसल्या आणि खरोखरच गिऱ्हाईक झाल्या. पाऊण शेर तूर मागितली. मग त्यातली निम्मी परत केली आणि तिच्या बदल्यात हुरळी, म्हणजे आपले कुळीथ, मागितली. "हुरळी तुरीच्या निम्म्या भावाची, हं."

"मग हुरळी पाऊण शेरच बसेल," मी लगेच म्हणाले. "आणि वर मूठभर मागू नका. शेट्टी चिडतो."

एवढ्यावर थांबावं की नाही? मी राखेत मोडी लिहून दाखवली. अक्काचं चालू पुस्तक उघडून घडाघडा वाचलं. होता नव्हता तेवढा माल फळीवर काढला.

बाई अप्पांकडे वळल्या. "हिला मी कुठल्या वर्गात बसवू? माझ्या लहान मुली अजून अक्षरं गिरवताहेत. तिथे ही कंटाळून मरेल. घरी इतकं छान चाललंय, तेच चालू द्या."

अप्पांच्या मिशा पसरल्या. "ऐकलंस ना? बाई म्हणतील तसं."

बाईंची पाठ वळताच मी दुकानावर हात फिरवला. तूर, हरभरा, हुरळी, रागी सगळं एक झालं. शेट्टी पालथा पडला, त्याचं नाक गेलं. अक्का खिदळली.

"दुकानदार चिडला की गिऱ्हाईक जिंकलं," आत्या शांतपणे म्हणाली. "निवड आता."

"निवडते. पण एकदा तरी मला गाडीत बसायला मिळालं पाहिजे."

आत्याने धान्याकडे पाहिलं. रागीचा दाणा मोहरीएवढा. "रागीसुद्धा वेगळी केलीस तर सांगते तुझ्या अप्पांना, एक दिवस गाडीत बसवायला."

"तुझा शब्द?"

"माझा शब्द."

मी स्वयंपाकघरातून चाळणी आणली. दोन झटके दिले. रागी सगळी खाली. आत्या इतकी हसली की तिला डोळे पुसावे लागले.

सुट्टी संपल्यावर अक्काच्या शेजारी मी गाडीत बसले. पडदे पडले आणि आत काळोख. बाहेरचं काही दिसेना. एरंडेल लावलेली डोकी एकमेकांवर आपटत होती. गाडी वळली तशी समोरची मुलगी माझ्या परकरावर ओकली. अक्का तोंड उघडं टाकून झोपलेली. म्हणजे इतके दिवस ही जीभ दाखवून आत जात होती ती यासाठी!

संध्याकाळी अप्पांनी विचारलं, "कशी काय गाडी?"

"फार छान," मी म्हणाले. "मला रोज हवी."

रोज मिळणार नव्हतीच. पण नको म्हटलं असतं तर भाव करायला माझ्या हातात काय उरलं असतं? पुढे रेशमाच्या कोषांच्या बाजारात मी एकटीने जम बसवला, भल्याभल्या व्यापाऱ्यांना घाम फोडला, तो याच अकलेवर. त्या दिवसापासून घरात नवा परकर आला की मी अक्काकडे बोट दाखवून म्हणायची, "हिला गाडी मिळाली." परकर मला मिळायचा. दोघींना शिकवायला हवं होतं, हा माझा राग खराच आहे आणि तो मी सोडलेला नाही. अजून अक्काकडे जेवायला गेले की गाडीची गोष्ट काढते. "बाई गं, साकू, पुरे!" म्हणत ती सगळ्यांत मोठी पुरणपोळी माझ्याच पानात टाकते.