वाकड्या भिंतीचं कपाट

पालघरच्या आमच्या शाळेत नववीला व्यवसाय शिक्षणाचा एक विषय घ्यावा लागायचा. मुलींनी ब्युटी पार्लर घ्यायचं आणि मुलांनी सुतारकाम, असं कुठे लिहिलेलं नव्हतं, पण सगळे तसंच धरून चालत. मला दुसऱ्याच्या भुवया कोरण्यात काही रस नव्हता. मी सुतारकाम घेतलं. "पोरींचं काम हाय का ते?" एवढंच आई म्हणाली. वडील मासेमारीच्या होडीवरून नुकतेच आले होते, ते जेवत राहिले.

शिकवणारे सर आधी बोईसरच्या एका फर्निचर कारखान्यात होते. ते फार बोलत नसत. पहिले कित्येक आठवडे आम्ही फक्त रंधा मारायला शिकलो. फळीवर गुण्याची काटकोनी पट्टी ठेवायची, खालून उजेड दिसला की पुन्हा रंधा. कंटाळून काही मुलांनी विषय बदलला. मी टिकले, कारण मला ते जमायला लागलं होतं.

दहावीत प्रत्येकाने आपल्या घराला लागणारी एक वस्तू करायची होती. मी स्वयंपाकघरासाठी कपाट ठरवलं. आईचे डबे खिडकीत, फळीवर, खाटेखाली, असे घरभर असायचे. बाजूच्या फळ्या कापताना सर म्हणाले, "मागच्या बाजूला दोन बोटं जास्त ठेव." का, ते सांगितलं नाही.

कपाट तयार झालं तेव्हा ते मासळीच्या बर्फाच्या टेम्पोतून केळव्याला आमच्या घरी आणलं. सर आले, वर्गातली चार-पाच मुलंही आली. आम्ही ते भिंतीला लावलं. खाली टेकलं, आणि वर भिंत आणि कपाट यांच्यामधून हात आत जाईल एवढी फट राहिली.

"कपाट वाकडं झालंय," एक मुलगा म्हणाला.

सरांनी दोरीला वजन टांगलेला ओळंबा कपाटाला लावला. दोरी सरळ. मग भिंतीला लावला.

"अरे, भिंतच पडतेय मागे!" मुलं हसली.

ती भिंत वडिलांनी स्वतः बांधलेली होती. पावसाळ्यात होड्या बंद असताना एकेक वीट रचून. ते दारात उभे होते. ते घरामागे गेले आणि हातोडी-छिन्नी घेऊन आले. भिंतीच्या खालच्या भागावर त्यांनी पहिला घाव घातला, तसा प्लास्टरचा पोपडा आईच्या चुलीजवळ पडला.

"काय करताव?" आई ओरडली.

"सरळ करतंय," वडील म्हणाले. "पोरीचं काम सरळ हाय ना."

मला तेव्हा सगळ्यांनी घरातून निघून जावं असं वाटत होतं, कपाटासकट.

सरांनी वडिलांचा हात धरला नाही. ते फक्त शेजारी जाऊन उभे राहिले. "दादा, थांबा. मी बोईसरच्या नव्या टॉवरमध्ये कपाटं बसवलीत. तिथल्या भिंतीपण अशाच आहेत. एकही सरळ नाही. म्हणून तर फळी जास्त ठेवायला लावली."

"मग तिरपं टेकवा ना," आई म्हणाली.

"मग दारं उघडी राहणार नाहीत. हात सोडला की मिटतील."

सरांनी मला लाकडाचा छोटा तुकडा आणि पेन्सिल दिली. तुकडा भिंतीला टेकवून, त्याला लागून पेन्सिल धरायची आणि वरून खालपर्यंत ओढत आणायची. भिंत जशी आत-बाहेर जाईल तशी रेघ कपाटाच्या बाजूच्या फळीवर उमटते. एकदा रेघ चुकली. ती पुसून पुन्हा काढली. कपाट हलू नये म्हणून वडिलांनी ते दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं. मग ते अंगणात आडवं घालून मी रेघेवर करवत चालवली. कडेला रंधा मारला, लावून पाहिलं, पुन्हा थोडा मारला. मुलं कंटाळून किनाऱ्यावर गेली.

संध्याकाळी कपाट भिंतीला बसलं. पत्र्याची पट्टीसुद्धा मध्ये जात नव्हती. सरांनी बिजागऱ्या तपासल्या, चहा घेतला आणि गेले. आईनं डबे लावले, काढले, पुन्हा वेगळे लावले. सुके बोंबील मात्र त्यात ठेवायचे नाहीत, असं तिनं आपणहून जाहीर केलं.

आता मी बोईसरला किचन बसवणाऱ्या एका टोळीत काम करते. बरोबरचे कारागीर उत्तरेकडचे आहेत, दिवसभर हिंदीच चालते. पहिल्या दिवशी त्यांनी मला घरमालकीण समजून खुर्ची दिली.

गेल्या वर्षी वडिलांनी मला होडीवर बोलावलं. मशीनच्या लाकडी पेटीचं झाकण कुजलं होतं.

"नवं करशील का?" त्यांनी विचारलं.

मी चढले. होडी पाण्यावर हलत होती, त्यामुळे ओळंब्याचा काही उपयोग नव्हता. आम्ही दोघांनी मिळून माप घेतलं. ते दर वेळी वेगळं येत होतं, म्हणून ओहोटी लागून होडी वाळूवर बसेपर्यंत थांबलो आणि मग पुन्हा घेतलं.