देवाचे कपडे आणि पिण्याचे पाणी

गल्लीच्या विहिरीचे पाणी तुरट लागते, हे सावित्रम्मा दिवाळीपासून सांगत होती, आणि लोक उलट तिलाच समजावत होते. विहिरीला लागूनच वीरभद्रप्पाचा रंगाचा कारखाना. साड्यांचे सूत रंगवून झाले की कढयांतले उरलेले पाणी मागच्या खड्ड्यात ओतायचे, आणि खड्डा विहिरीला अगदी खेटून.

सून निंगव्वा पोटुशी होती. माहेरी मंद्रूपला पोटभर जेवत होती. इथे परत आली आणि घोटभर पाणी प्याली की ओकू लागली. शेजारणी म्हणाल्या, या दिवसांत असेच असते. सावित्रम्माला ते पटेना. ती वीरभद्रप्पाकडे गेली.

"अण्णा, तुमचा खड्डा तेवढा लांब न्या की."

"अक्का, माझा रंग जर्मनीचा हाय. पक्का. धुतला तरी उतरत न्हाय."

"मग खड्ड्यात रोज काय ओतता?"

तो हसला. "मुन्शिपाल्टीनं विहिरीत लाल औषध टाकलंय. पटकी मरते त्यानं. आमच्या घरीबी हेच पाणी पितात की."

पीत होते, हे खरेच होते, आणि तिला त्याचाच जास्त राग येई. औषध पटकीवर होते. रंगाचे त्याने काय होणार? पण निम्मी गल्ली त्या कारखान्यात कामाला. तिचा नवरा ईरप्पाही तिथेच. "तू गप बस," एवढेच तो म्हणे.

संक्रांत आली, सिद्धेश्वराची यात्रा आली. देवाच्या उंच काठ्यांच्या मिरवणुकीसाठी पुरुषांचे पांढरे अंगरखे, बाराबंद्या, धुवायला निघाल्या. गल्लीच्या विहिरीवर धुऊन वाळत टाकल्या आणि सगळ्यांवर पिवळसर झाक दिसली. संध्याकाळी लगेच गल्लीची बैठक बसली. असले कपडे घालून सिद्धेश्वराच्या काठीला हात लावायचा? दुसऱ्या दिवशी वीरभद्रप्पाने स्वतःच्या बैलगाडीतून मळ्यातल्या विहिरीचे पाणी पिंपे भरून आणवले.

सावित्रम्मा घागर घेऊन पोचली.

"अक्का, हे धुण्याचं हाय," वीरभद्रप्पा म्हणाला. "पिण्याचं तिकडं, विहिरीत."

तो चेष्टा करत नव्हता. कपडे घेऊन उभ्या असलेल्या बायकांपैकीही कोणी हसले नाही. तिला रिकामी घागर घेऊन परतावे लागले.

ईरप्पाची बाराबंदी तिने गल्लीच्याच पाण्यात पुन्हा धुतली. मिरवणुकीच्या सकाळी त्याने ती उलगडली.

"हे काय केलंस?"

"तुमीच म्हणता की, पाणी चांगलं हाय."

दुसरी बाराबंदी नव्हती. पांढऱ्याशुभ्र रांगेत तो एकटाच पिवळट दिसत होता. ज्याने ज्याने विचारले त्याला त्याला पाण्याचे सांगावे लागले. आता तरी खड्डा बुजेल, असे सावित्रम्माला वाटले.

यात्रा संपल्यावर वीरभद्रप्पा स्वतः घरी आला. हातात कोरी पांढरी बाराबंदी. "ईरप्पा, ही घे. जुनी दे माझ्याकडं, पिवळ्यात बुडवून देतो. डाग दिसायचा न्हाय."

"आणि खड्डा?" सावित्रम्माने विचारले.

"तुमचं आपलं तेच, अक्का," वीरभद्रप्पा म्हणाला. ईरप्पा मान हलवत जुनी बाराबंदी काढून द्यायला लागला.

तिने ती त्याच्या हातातून ओढून घेतली, पिळून चुंबळ केली, डोक्यावर घागर ठेवली आणि दाराबाहेर पडली.

"मळ्यात? रोज एवढं लांब जाणार?" ईरप्पाने मागून विचारले.

"देवाच्या कपड्याला बैलगाडी मिळती," ती म्हणाली. "माझ्या सुनंला मीच हाय."