उन्हात ओढलेलं विमान

तेर गावाच्या पलीकडं, नदीपासून लांब, एक उजाड माळ आहे. दर रविवारी सकाळी तिथं आमचा क्लब जमतो. दहा-बारा माणसं, गाडीच्या मागच्या सीटवर आडवी घातलेली रिमोटची विमानं आणि चहाचा थर्मास. मी शाळेत शिकवते. क्लबात बाई मी एकटीच.

माझं पहिलं विमान वडिलांनी आणि मी मिळून केलं होतं. थर्माकोलचा पंख त्यांनी पॉलिशपेपरनं इतका घासला होता की बोट कुठं अडकत नव्हतं. ते उडताना बघायच्या आधीच वडील गेले. ते विमान मी फार जपून उडवायचे.

उमरग्याहून एक डॉक्टर यायचे. हात तयार, विमान भारी. पण दुसऱ्याच्या विमानावर वरून झेप घालायची आणि अगदी अंगाला घासून काढायची, ही त्यांची खोड. समोरचा घाबरला की ते हसायचे. क्लबातल्या दादांनी, म्हणजे निवृत्त एसटी ड्रायव्हरनी, त्यांना समजावून पाहिलं होतं. एका रविवारी त्यांची झेप चुकली आणि माझ्या त्याच विमानाचा पंख मधोमध फुटला. मी बाभळीखाली तुकडे वेचत होते. डॉक्टर लांबूनच म्हणाले, "खेळात होतंय, ताई. नवीन घ्या की."

मी तुकडे पिशवीत भरले आणि घरी आले.

नवीन विमान केलं. त्यानंतर रोज शाळा सुटली की एकटी माळावर जायचे आणि विमान मुद्दाम मावळत्या सूर्याकडं न्यायचे. उन्हात विमान शिरलं की दिसतच नाही. नुसत्या बोटांच्या अंदाजानं ते पलीकडून बाहेर काढावं लागतं. सुरुवातीला पाडलं, पुन्हा चिकटवलं. हळूहळू बोटांना ते कळायला लागलं. रविवारी मी डॉक्टरांनाच बघत बसायचे. पाठलाग करताना त्यांना शिकार सोडून काही दिसत नाही, हे मला तिथं कळलं.

हिवाळ्यात आमची पताकांची स्पर्धा असते. शेपटाला क्रेप कागदाची लांब पताका बांधायची आणि हवेत दुसऱ्याची कापायची. जोड्या ठरवताना मी दादांना म्हटलं, मला डॉक्टरांसमोर द्या. त्यांनी माझ्याकडं जरा वेळ पाहिलं आणि होकार दिला.

डॉक्टर माझ्या पताकेमागं लागले. मी त्यांना लागू दिलं. पताका हातात आल्यासारखी वाटेल इतकंच अंतर ठेवून मी पूर्वेकडं चढत गेले, थेट सकाळच्या उन्हात. डॉक्टर मागोमाग आले. मी बोटांवर भरवसा ठेवून उजवीकडं वळले आणि पलीकडून बाहेर पडले. डॉक्टर कपाळावर हात धरून "कुठं गेलं, कुठं गेलं" म्हणत राहिले. त्यांचं विमान नाकावर येऊन ज्वारीच्या रानात आदळलं. तो आवाज मला अजून गोड लागतो.

डॉक्टर तुकडे उचलायला गेले तेव्हा मी जागेवरून हलले नाही. सगळे मदतीला धावले, मी माझी बॅटरी काढत बसले.

नंतर दादा जवळ आले. "तुमी त्यांना उन्हात ओढलं."

"व्हय."

"नियमात बसतंय," ते म्हणाले, "पण बरं न्हाय दिसलं, ताई."

डॉक्टर पुन्हा आले नाहीत. काही जणांना वाटतं, मी क्लबाची मजा घालवली. दोघं-तिघं आजही माझ्याशी कामापुरतंच बोलतात. मी दर रविवारी जाते.

त्या दिवशी घरी गेले तेव्हा आई भाकरी थापत होती. तिनं विचारलं, जिंकलीस का. म्हटलं, त्या डॉक्टरचं पडलं, पार चुरा झाला.

आईचा हात थांबला नाही. भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं आणि म्हणाली, "लई बरं झालं."