आत्याच्या गाण्यावरची मखमल

आत्याच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि खानदानातलं प्रत्येक लग्न गाऊन गाजवणारी बाई कुजबुजण्यावर आली. तिनं तक्रार केली नाही. पण धाकट्या मुलीचं लग्न चिखलीच्या हॉलवर ठरलं, तेव्हा तिनं माझ्या हातात एक कॅसेट ठेवली.

"लेकीच्या लग्नात माह्यं गानं वाजलं पाहिजे. बाकी तुमचं काय करायचं ते करा."

तरुणपणी म्हटलेलं पाठवणीचं गाणं होतं ते. मी कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं आणि ऐकलं. आत्या कणगीत बसून गात असावी असा आवाज. कारण विचारलं तर वडील अभिमानानं म्हणाले, "टेप नवा होता. तिनंच मखमलीचं कव्हर शिवलं होतं त्याले, मोत्यांची झालर लावून. धुळीत कोन काढते बे कव्हर?" म्हणजे टेपमधल्या माईकवर कव्हर तसंच ठेवून गाणं रेकॉर्ड झालं होतं. यंत्राचा मान राखला गेला होता.

हॉलच्या साऊंडवाल्याच्या कार्डावर 'साऊंड इंजिनिअर' असं सोनेरी अक्षरांत होतं. त्यानं दहा सेकंद ऐकलं.

"भाऊ, हे भंगार आहे. मुंबईच्या स्टुडिओत बी साफ नाही होत हे. त्यापेक्षा डीजे लावू."

मी ट्रेबल, म्हणजे वरचा पातळ आवाज, वाढवून पाहिला होता. आत्या होती तिथंच राहिली, टेपची खरखर मात्र कढईत भजी सोडल्यासारखी उसळली. जे रेकॉर्डच झालं नाही, ते वाढवणार कसं?

मग वाचत वाचत मला एक्सायटर नावाची युक्ती सापडली. माझ्याकडचं सॉफ्टवेअर फुकटचं, कुणीही उघडून दुरुस्त करावं असं. आधी खरखर कमी केली. गाण्याची दुसरी प्रत काढली, तिच्यातला जाड आवाज गाळून उरलासुरला पातळ आवाज तेवढा ठेवला आणि तो मुद्दाम फाडला. आवाज फाटला की त्याच्याच पटीतले वरचे सूर नव्यानं जन्मतात. ते तेवढे गाळून घेतले आणि मूळ गाण्याखाली हिंगाएवढे मिसळले. पहिल्यांदा हात सैल सुटला, आत्या पत्र्याच्या डब्यातून ओरडली. कमी करत गेलो. एका ठिकाणी 'स' ऐकू आला, मग 'च', आणि मग गाण्याआधी तिनं घेतलेला श्वास.

लग्नात पाठवणीच्या वेळी ते हॉलच्या घराएवढ्या स्पीकरांवर वाजलं. नवरदेवाकडची एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "कोन बाई गाऊन राह्यली वं? माईकवर तं कोनीच नाही!" पाच-सहा बोटं आत्याकडे वळली. आत्यानं पदर सारखा केला.

इंजिनिअर साहेब माझ्याजवळ आले. "कोन्या स्टुडिओत केलं?"

"घरी. फुकटच्या सॉफ्टवेअरात."

"क्रॅक केलेलं?"

"नाही. फुकटच असते ते."

त्यांचा विश्वास बसला नाही, पण गाणं संपेपर्यंत त्यांनी डीजेचं बटण दाबलं नाही. एवढा मोठा सन्मान चिखलीत सहसा कुणाला मिळत नाही.

लेकीची गाडी निघाल्यावर आत्यानं मला खाली वाकवलं आणि कानात कुजबुजली, "इतकी साजरी गात होती काय रे मी?"

"हाव," मी म्हणालो. "कव्हर काढायले उशीर झाला फक्त."