झाकणाचा डबा

मुलुंडच्या हॉलमध्ये पडद्यावर माझ्या भाचीचा फोटो. झोपलेली, हात उशीखालच्या पावावर. पालकांचा वर्ग घेणाऱ्या मॅडम माईकवर म्हणाल्या, "हिच्या मावशीने हिला चोर म्हणून मारलं होतं. आज बघा, किती बदल!" टाळ्या पडल्या. मागून कुणीतरी मला ओळखून हसत म्हणालं, "अय्या, ही तर आपली भांडीवाली!"

पोर माझ्या मांडीवर होती. चार वर्षांची. तिने माझ्या पदरात तोंड खुपसलं.

माझी बहीण गेल्यावर बाप हिला खोलीत कोंडून कामाला जायचा. दिवसभर उपाशी. मी तिला माहुलला माझ्या घरी आणलं, तर पोर पाव लपवायची. गादीला मुंग्या लागल्या. मी मारलं. खरंय ते.

मग आमच्या बिल्डिंगमध्ये मॅडमनी पालकांचा वर्ग सुरू केला. म्हणाल्या, "हिसकावू नका. तिचा स्वतःचा डबा ठेवा. तो कधी रिकामा दिसू देऊ नका." मी माझ्या विकायच्या मालातला घट्ट झाकणाचा डबा तिला दिला. महिन्याभरात उशीखाली काही सापडेना. मॅडम मला देवासारख्या वाटल्या. मारल्याचं रडत सांगितलं. त्यांनी पोर पाव लपवायची तेव्हाचा फोटो मागितला, तोही दिला. "फक्त माझ्या अभ्यासाला हं," म्हणाल्या.

जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बाई मी. साडी उजेडात धरून बघितल्याशिवाय साधा चमचा सोडत नाही. इथे काहीच तपासलं नाही.

पोरीला कडेवर घेऊन स्टेजवर गेले. "बंद करा ते."

"अहो ताई, मनाला काय लावून घेताय? यातून इतर मुलांना मदत मिळेल."

"मग तुमच्या मुलीचा लावा ना."

मी वायर उपटली.

दुसऱ्या दिवशी उशीखाली पुन्हा अर्धा पाव. पोरीने विचारलं, "मावशी, सगळ्यांनी बघितलं?"

"हो. फोटो मीच दिला. चुकलं माझं."

डबा रोज भरते. वर्गाला जात नाही. शेजारणी पोरांचं विचारायला येतात, त्यांना डब्याचं सांगते. शिकले ते माझं झालं. अट एकच, फोन दाराबाहेर.

मी हात उचलला हे माझं आहे, म्हणून लिहिलं. पोरीचं नाव इथे शोधू नका. तिचं नाव, तिचा चेहरा आता कुणाला मिळणार नाही. बदल्यात काहीही घेऊन या.