तोंडाचा रुपया

नाणी जमवणारा माणूस घरात असू नये, असं माझं आता पक्कं मत झालं आहे. हे मी दुसऱ्या कुणाबद्दल नाही, माझ्याबद्दलच सांगतोय.

कुंभारवाड्याकडच्या जंगलातल्या एका लाकूड डेपोवर मी कारकून होतो. मूळचा खानापूर भागातला, बायको मात्र डेपोजवळच्याच डोंगरातली, भातशेती करणाऱ्या घरातली. आम्हाला एकच मुलगी, तेव्हा पाच वर्षांची. आणि माझा एक पत्र्याचा डबा. त्यात राजाच्या तोंडाचे रुपये, भोकाचे पैसे, गोव्यातून आलेली चार पोर्तुगीज नाणी. बायको त्या डब्याला माझी थोरली लेक म्हणायची. मला राग यायचा, पण गोष्ट खरीच होती.

पंतप्रधान वारले आणि पुढे काही महिन्यांनी त्यांचं तोंड असलेला रुपया निघाला. स्वतंत्र झाल्यापासून नाण्यावर सिंह बघायची सवय, त्यामुळे डेपोवर पगारात पहिला तसला रुपया आला तेव्हा मजूर हातात घेऊन उलटसुलट करत बसले. तोंडाचा रुपया, असंच नाव पडलं त्याला. मला एक मिळाला. तो घेऊन मी जवळजवळ पळतच घरी आलो.

घरी पोरगी तापानं फणफणलेली. आमच्या जंगलात ताप नवा नव्हता, पण हा उतरेचना. बायकोच्या माहेरी रीत अशी, की ताप हटेना झाला की देवाच्या नावानं एक रुपया हळदीच्या पाण्यात बुडवून फडक्यात बांधायचा आणि घराच्या मधल्या खांबाला अडकवायचा. पोर बरं झालं की ती गाठ तशीच देवळात नेऊन द्यायची. तोवर सोडायची नाही, हात लावायचा नाही. रुपया घरातला सगळ्यात कोरा पाहिजे. घरातला सगळ्यात कोरा रुपया कुठला, ते सांगायला नकोच. माझ्या हातातून तिनं तो घेतला. पोर तापलेली असताना काय बोलणार?

दोन दिवसांनी डेपोच्या कामानं रामनगरला जावं लागलं. तिथं एक कापड दुकानदार माझ्यासारखाच या नादाचा होता. आमचं दोघांचं कधी म्हणून पटलं नाही, आणि एकमेकांशिवाय करमतही नव्हतं. मी रुपयाचा विषय काढला तर तो उखडलाच.

"राजा जित्ता असताना त्याचं तोंड असायचं, ते समजतंय. आता माणूस गेला की नाणं. थोर माणसं काय कमी हाईत आपल्यात? दरसाली एक काढतील. तुमी आमी जमवायचं किती आणि ठेवायचं कुठं?"

"काढू देत की," मी म्हटलं. "पोरांना कळंल तरी कोण होते ते. सिंहाकडं बघून कुणाला काय आठवतंय?"

"आठवणीसाठी काढायचं तर मोजकं काढावं. ढिगानं काढून मीठमिरचीला चालवायचं, ती कसली आठवण?"

मी तावातावानं भांडलो. चलनात फिरलं तरच लोकांच्या हाती जातं, पेटीत ठेवायला काढलेलं नाणं हे नाणंच नव्हे, असं काय काय बोललो. शेवटी तो हसला आणि हळूच म्हणाला, "सालाखाली बारीक टिंब असलं तर ते मुंबईच्या टाकसाळीचं. नसलं तर कलकत्त्याचं. आपल्याकडं मुंबईचंच येणार. बिनटिंबाचं घावलं तर माझ्याकडं या. चांदीचा पोर्तुगीज रुपया देतो बदल्यात."

तिथून माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. माझ्या रुपयाला टिंब होतं का? मी बघितलंच नव्हतं. बघायच्या आत तो फडक्यात गेला होता.

बुधवारी दुपारी बायको पाण्याला गेली. पोरगी चटईवर ग्लानीत पडलेली, मी कपाळावर पट्टी ठेवत बसलेलो. समोर खांब, खांबाला गाठ. नुसतं बघू आणि पुन्हा बांधू, असं म्हणत मी उठलो. गाठ सोडली. रुपया दारातल्या उजेडात धरला. टिंब नव्हतं.

मग माझ्या हातांनी जे केलं ते मी बघत राहिलो, असं म्हणायला बरं वाटतं. पण खरं सांगायचं तर मीच केलं, पूर्ण शुद्धीवर. खिशातला सिंहाचा रुपया हळदीत बुडवला, फडक्यात बांधला, गाठ होती तशी अडकवली. तोंडाचा रुपया चिंचेनं घासून लख्ख केला आणि डब्यात टाकला. मागं पोरगी पुटपुटत होती, तिकडं माझं लक्षच नव्हतं.

शुक्रवारी ताप उतरला. माझा जीव भांड्यात पडला. रविवारी पुन्हा चढला, दात वाजेपर्यंत हुडहुडी भरून. मग तो असाच येत-जात राहिला. दवाखान्यातला माणूस म्हणाला, हा ताप असाच असतो, एक दिवसाआड येतो, गोळ्या चुकवू नका. मला पटलंही. मी काही अडाणी नव्हतो. पण दर खेपेला पोरीच्या अंगाला हात लावताना माझी नजर खांबाकडं जायची. बायको हात जोडून त्या गाठीला सांगायची, "माझ्या बायला बरं कर, तुझं तुला पोचवते." मी बाहेर जाऊन उभा राहायचो. नाणं परत ठेवावं असं रोज ठरवायचो. पण ती पोरीजवळून हलेल तर ना.

इकडं तोंडाचे रुपये येतच राहिले. पुढच्या पगारात चार आले. बसच्या कंडक्टरनं एक दिला, चहावाल्यानं एक. टिंबाचे आले तसे बिनटिंबाचेही आले. टिंबाचं नाही, पण ढिगाचं म्हणाल तर रामनगरचा दुकानदार एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच बरोबर निघाला होता. मी पाच बिनटिंबाचे घेऊन त्याच्याकडं गेलो. नवसाचा त्यात होताच. त्यानं गल्ल्यातून आपले सहा काढले आणि माझ्यासमोर ओतले. "बघा, कसली दुर्मीळ वस्तू. पोर्तुगीज रुपया राहू दे माझ्याकडंच," म्हणाला. आम्ही तिथंच वाद घालत बसलो. हा जास्त झिजला, हा कमी, याची कड बरी. नाणी इकडची तिकडं झाली. परत येताना मी पाच उचलून आणले, पण कुठले पाच?

बसमध्ये ते माझ्या ध्यानात आलं आणि मी पाचही रुपये एकेक करून उलटसुलट बघितले. हळदीचा डाग राहिला असता तर ओळखू आला असता. तो मी स्वतःच चिंचेनं घासून काढला होता. पोरीच्या नावाचा रुपया आता माझ्याकडं होता की त्या दुकानदाराच्या गल्ल्यात, की त्यानं कुणाला सुटे म्हणून देऊनही टाकला होता, काहीच सांगता येत नव्हतं.

महिनाभरात पोरगी खरंच बरी झाली. गोळ्यांनी झाली असेल, मी तसंच मानतो. बायकोनं देवळात जायचा दिवस ठरवला. आदल्या दिवशी सकाळी ती तांदूळ निवडत बसली होती आणि माझ्यानं राहवलं नाही. सगळं सांगितलं. टिंब, चिंच, दुकानदार, पाच रुपये. मला वाटलं, खोट्या रुपयावरून ती आकांत करेल.

तिनं रुपयाचं काही विचारलं नाही. सुपातला हात थांबला तेवढाच.

"कवा सोडलात?"

"त्या बुधवारी. दुपारी."

तिनं सूप खाली ठेवलं. "त्या दिवशी पोर मला वळखत न्हवती," ती म्हणाली. "घागर उचलवंना मला. तुमी हाईसा म्हणून गेल्ते मी पाण्याला."

मी पाचही रुपये तिच्यापुढं ठेवले. तिनं ते सुपाच्या बाजूला सारले.

"देवाला काय, कुठलाबी रुपया चालतोय. मी सांगंन त्याला समजावून. तुमी येऊ नगा."

दुसऱ्या दिवशी दोघी गेल्या. वाटेत पोरीनं माझ्याबद्दल विचारलंच असणार, अण्णा का नाही आले. तिनं काय सांगितलं, ते मी कधी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही. घरात भांडण झालं नाही, अबोलाही नाही. जेवायला वेळेवर वाढलं जात होतं. मला वाटलं, झालं गेलं मिटलं.

दिवाळीनंतर पोरीला पुन्हा थोडा ताप आला. साधाच, अंग कोमट होतं इतकाच. घरात पाणी संपलेलं. बायकोनं घागर उचलली, दारापर्यंत गेली, थांबली. मग शेजारणीला हाक मारून तिच्याकडं घागर दिली आणि येऊन पोरीच्या उशाशी बसली. मी तिथंच, हातभर अंतरावर बसलो होतो.