लिपलेला स्टँड

मोहफुलं म्हटली की लोकांच्या नाकात आधी दारूच शिरते. माझी वहिनी चोरखमाऱ्याजवळच्या आमच्या गावी वाळलेल्या मोहफुलांची काकवी करते. फुलं उकळायची, गाळायची आणि रस दाट होईपर्यंत आटवायचा. दारूचा त्यात थेंबही नाही. तरी पहिल्या उन्हाळ्यात संध्याकाळी दोघं-तिघं अंगणात घुटमळायला लागले. वहिनीनं त्यांच्या तळहातावर चमचा चमचा काकवी ठेवली आणि वाटेला लावलं.

रसाचा गंज, म्हणजे मोठं पातेलं, चढवायला दादानं तेव्हा गोंदियाहून स्टँड आणला होता. सडपातळ पाय, वर चकचकीत निळा रंग. असल्या देखण्या मालाचा मला मनापासून राग आहे. दुकानात रिकामा उभा असतो तोवर कुठलाही स्टँड मजबूतच. खाली गॅसभट्टीची मोठी शेगडी फुरफुरायला लागली आणि वर भरलेला गंज बसला, की मग कळतं. रंग पहिल्याच दिवशी जळाला. पुढे लोखंड रोज तापायचं, निवायचं, पुन्हा तापायचं. एका दुपारी वहिनी ढवळत असताना एक पाय वाकला, गंज कलला आणि उकळता रस तिच्या पावलावर सांडला. पावसाळा लागेपर्यंत तिला चप्पल घालता आली नाही.

दुसऱ्या कुणी नाद सोडला असता. पण धानाची शेती दादाची, बाजार दादाचा; घरात तिचं म्हणून काही असेल तर ही काकवी. यंदा तिनं आमगावच्या वेल्डिंगवाल्याकडे उभं राहून नवा स्टँड करून घेतला. जाड अँगल, बाहेर फाकलेले पाय, खालून आडव्या पट्ट्या. दादानं तो पायानं ढोसून पाहिला आणि म्हणाला, "हा वाकला का मी शेगडीच इकून टाकतो. मंग मले बोलू नोको."

"इका ना," वहिनी म्हणाली. "पन आधी वाकू त द्या."

दुसऱ्या दिवशी मी उन्हाळ्यासाठी माहेरी पोचले तेव्हा ती तळ्याच्या पाळीवरची माती, शेण आणि धानाचा कोंडा कालवून त्या नव्याकोऱ्या लोखंडाला लिपत बसली होती. मला हसू आवरेना.

"काऊन हासता ताई? चुलीले लिपत नाही का आपन? हे बी चूलच होय."

हात चुलीच्या सवयीचा, त्यामुळे तिनं तिन्ही बाजू पार खालपर्यंत बंद केल्या. शेगडी पेटवली तर ज्योत पिवळी पडली, गंजाचा तळ काळा झाला आणि आम्ही दोघी खोकत अंगणात पळालो. लाकडाला एका तोंडानं भागतं, गॅसच्या शेगडीला चहूकडून हवा लागते. दादानं सिलिंडर बंद केला आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू लिपायला मीच सांगितलं होतं. वहिनीनं वाद घातला नाही. विळा घेतला आणि बाजूंची सगळी माती पाडून टाकली. लोखंडाला थेट आच लागू नये म्हणून फक्त पायांवर आणि वेल्डिंगच्या सांध्यांवर जाड थर ठेवला. ज्योत निळी झाली.

मग उन्हाळाभर स्टँडनं काम केलं, आणि काय काम केलं! काकवी उतू जाऊन पायांवर ओघळायची, माती रोज तडकायची, वहिनी रोज सकाळी भेगा बुजवायची. कपाळावर घाम, हातात मातीचा बोळा, तोंडानं त्या लोखंडाशी दोन शब्द. मी आयुष्यात पुष्कळ लोकांचा संसार पाहिला, पण कुणी आपल्या कामाला इतकं जपताना पाहिलं नाही. मला तिचा अभिमान वाटतो, आणि हे तिला तोंडावर सांगितलं तर ती मलाच ढवळायला बसवेल.

दादा रोज दुपारी काही ना काही निमित्त काढून अंगणात यायचा. कधी दोर वळायचा, कधी नुसताच बसायचा. नजर मात्र गंजाखाली. मला वाटायचं, हा शेगडी विकायचा मुहूर्त शोधतोय. शेवटचा गंज उतरला त्या दिवशी त्यानंच खुरपं घेऊन पायांवरची माती खरवडली. लोखंड सरळ होतं, सांधे शाबूत होते. त्यानं एकेक पाय हातानं चाचपला.

मग म्हणाला, "पुढच्या साली असाच आनखी एक करून घेऊ."

"दोन दोन गंज मी एकटी कशी पाहीन?" वहिनी म्हणाली. "एकाकडं पाहाले गेली त दुसरा उतू जाईल."

"एकाजवळ मी बसन ना," दादा म्हणाला. "तसाबी जीव माझा तितंच राह्यते."

पदर तोंडाला लावून वहिनी घरात गेली, आणि दादा खुरपं धुवायला लागला.